जोंधळीला पाणी

"अवो... त्या पोराला ती पोरगी देऊ नका! तिच्या आत्याचा पोरगा हाय तो!"

बीडच्या स्टँडवर, भर दुपारी, धारूरच्या गाडीची वाट बघत बसले होते मी. कानाशी कुणीतरी इतक्या कळवळ्याने ओरडलं की हातातला मोबाईल पडता पडता राहिला. वळून बघितलं. पाठीला सॅक, पावसाने अर्धा भिजलेला निळा शर्ट आणि डोळे... डोळे माझ्यावर नव्हते, माझ्या स्क्रीनवर होते.

मी काही बोलायच्या आत शेजारच्या म्हातारीने तोंड घातलं. "आत्याच्या पोराला कावून देऊ नये, बाबा? पयला मान त्याचाच असतो की. कोनाचं लगीन हाय गं?"

"कुणाचं नाही, आजी. मोबाईलमधला गेम आहे."

"आता लगनाला गेम म्हनतेत व्हय?" म्हातारीने आम्हा दोघांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि समजायचं ते समजून पिशवीतली मिसरी काढली.

मी खळखळून हसले. तो मात्र 'पयला मान' ऐकून एकदम गप्प झाला होता. मला वाटलं, लाजला. मुलगा लाजला की मला लई आवडतं, त्यामुळे मी मनातल्या मनात त्याला तिथंच माफ करून टाकलं.

खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, आम्ही हॉस्टेलच्या पोरी त्याला 'बीजग्रह' म्हणायचो. गोष्ट अशी की पृथ्वी संपलीय आणि आपलं यान एका तांबड्या, कोरड्या ग्रहावर उतरलंय. हवा विरळ, पाणी मोजकं. मग प्रयोगशाळेत जनुकं कापायची, जोडायची आणि तिथं तगेल असा माणूस घडवायचा. कुणाला लांब दम द्यायचा, कुणाला अंधारात दिसणारे डोळे. रोज येऊन प्रत्येकाला पाणी पाजायचं, नाहीतर ते सुकतात. प्रत्येक खेळाडूचा आपला एक वंश. आपल्याच वंशात जोड्या लावत गेलं की वस्ती भराभर वाढते, पण पुढे पुढे मुलं अधू निपजायला लागतात. माझी तशी निपजत होती. मी जैवतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला असूनही! पुस्तकात सगळं पाठ होतं, पण खेळात हाव कुणाला सुटलीय?

"बाहेरचं रक्त आना की," तो म्हणाला. "आमी मेंढरातबी घरचा नर जास्त दिस ठिवत न्हाई. दुसऱ्या कळपाशी बदलतो. न्हाईतर कोकरं लुळी निघतेत."

"तुमच्याकडे मेंढ्या आहेत?"

"हायत. आन बीजग्रहबी हाय." त्याने स्वतःचा मोबाईल काढला. त्याच्या वंशाचं नाव होतं 'घोंगडी'. मग त्याने माझ्या वंशाचं नाव वाचलं आणि ओठ दाबून हसू दाबायचा प्रयत्न केला. जमला नाही.

"शहाण्णव?"

"मग?"

"न्हाई... मंगळाच्या पल्याड गेल्यावरबी शहाण्णव कुळी सुटंना, म्हनून हसलो."

माझा चेहरा तापला. आमच्या घरात तो आकडा देवाच्या नावासारखा घेतात, मी तो सहज टाकला होता. राग यायला हवा होता. आला नाही. गाडी लागली, धक्काबुक्की झाली, आणि त्या गर्दीत त्याने खिडकीतून सॅक टाकून माझ्यासाठी जागा धरली तेव्हा तर मुळीच आला नाही.

त्याचं नाव सोमनाथ. धारूरच्या घाटात त्याची वाडी, बीडला संगणकाचं शिक्षण, आणि डोक्यात एकच वेड की कधीतरी स्वतः असा गेम बनवायचा. हे सगळं मला मांजरसुंब्यापर्यंत कळलं. मांजरसुंब्याला गाडी थांबली, धाब्यावर चहा झाला, आणि गाडी पुन्हा सुटेपर्यंत 'तुमी'चं 'तू' झालं होतं.

त्यानंतर काय, कारणंच कारणं. त्याला माझ्या नोट्स बघायच्या असायच्या, संगणकवाल्याला जनुकांच्या नोट्स! मला त्याच्याकडून मोबाईल नीट करून घ्यायचा असायचा, जो बिघडलेला नसायचा. परतीचा पाऊस सुरू होता. लायब्ररीच्या पत्र्याखाली आम्ही एकेका मोबाईलवर वाकून बसायचो. त्याच्या शर्टाला पावसाचा आणि कुठून तरी मेंढराच्या लोकरीचा वास यायचा. आधी तो वास मला नकोसा वाटला, नंतर तो नसला की चुकल्यासारखं व्हायचं.

बीजग्रहात दोन वंश जोडायचे तर दोघांची संमती लागायची. दोन्ही खेळाडूंनी आपापल्या मोबाईलवर एकाच वेळी अंगठा दाबून धरायचा, पट्टी भरेपर्यंत. एकाने जरी उचलला तरी सगळं मुसळ केरात.

मांजरसुंब्याच्या त्याच धाब्यावर आम्ही ते केलं. टेबलावर दोन मोबाईल, दोन अंगठे, आणि मध्ये गार होत चाललेला चहा.

"सोडू नको हं," मी म्हणाले.

"मी न्हाई सोडत. तूच सोडशील."

"मी? शहाण्णवची आहे मी."

"त्याचंच तर भ्या हाय, नंदे..."

राजनंदिनीचं 'नंदे' पहिल्यांदा तेव्हा झालं. पट्टी भरली. स्क्रीनवर एक इवली पोरगी डोळे उघडून उभी राहिली. त्याच्या घोंगडीचा लांब दम, माझ्या शहाण्णवचे डोळे. गालावर ज्वारीच्या दाण्यांसारखे ठिपके. आम्ही तिचं नाव जोंधळी ठेवलं. तिला मीच आधी पाणी पाजणार म्हणून मी भांडले, तो म्हणाला बापाचा पण काही हक्क असतो. 'बाप' म्हणाला आणि लगेच जीभ चावून चहावाल्याकडे बघायला लागला. मी तर टेबलावर सांडलेली चहाची साय बोटाने पुसत बसले. एवढं लाजायला काय झालं होतं, गेमच तर होता. पण मला नीट माहीत होतं की तो नुसता गेम नव्हता.

खरं बोलणं झालं ते धारूरच्या किल्ल्यावर. सीताफळांचे दिवस होते. घाटातून येताना त्याने शर्टाच्या ओच्यात पिकलेली सीताफळं भरून आणली होती. तटाच्या सावलीत बसून आम्ही बिया कोण लांब थुंकतं याची पैज लावली होती. असल्या पैजेत प्रेम सांगतात का? मी सांगितलं.

"सोमनाथ, मला तुझ्याशी लग्न करायचंय."

त्याच्या तोंडात बी होती. ती त्याने गिळली.

"बोल की."

"मलाबी तूच पायजे, नंदे." त्याने माझ्याकडे बघितलं, सरळ, न लाजता. असं त्याने आधी कधी बघितलं नव्हतं. मग नजर खाली गेली. "पन... दिवाळीनंतर बोलू. घरचं जरा... मामा हाय, आई हाय. दिवाळीनंतर."

मी 'मलाबी तूच पायजे' एवढंच ऐकलं. पुढचं वाऱ्यावर गेलं. माणूस आपल्या सोयीचं तेवढंच ऐकतो, त्यात मी काही जगावेगळी नव्हते.

माझी भीती वेगळीच होती. माझे वडील, आबा. विजयसिंह म्हणून पंचक्रोशीत दरारा. जिल्हा परिषदेला एकदा पडलेले आणि पुन्हा उभं राहायला गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले. घरी माझ्यासाठी स्थळं यायला लागली होती. फोटो, पत्रिका, देवक, मामाकुळी, सगळं आमच्या बैठकीत चाळलं जायचं. दिवाळीच्या पाडव्याला फराळाचं ताट पुढ्यात असताना मी आबांना सगळं सांगून टाकलं. आई मागे भिंतीला टेकून उभी राहिली. आबांनी चकली मोडली आणि तशीच ताटात ठेवली.

तीन-चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. घरात कुणी मोठ्याने भांडंसुद्धा ठेवत नव्हतं. मी मनातल्या मनात बॅग भरून ठेवली होती. आणि मग एका सकाळी आबा अंगणात दात घासत होते, तिथूनच म्हणाले, "कोनती वाडी म्हनलीस त्याची?"

मी वाडीचं नाव सांगितलं.

"सिदूचा भाचा का तो?"

"हो."

"सिदूच्या शब्दाबाहेर घाटातली एकबी वाडी न्हाई." आबांनी चूळ भरली. "समदे मिळून मतं लई हायत तिकडं... आन आजकाल लोकांना असलं आवडतं. पेपरात फोटो येतेत. घेऊन ये त्याला. मानूस बघू."

मला हसावं की रडावं कळेना. ज्या रक्तासाठी आमच्या घरात बायकांचे हुंदके दाबले गेले होते, त्याची किंमत दोन-चार वाड्यांच्या मतांएवढीच होती तर! पण प्रेमात पडलेल्या माणसाला फुकटात मिळालेला होकारसुद्धा गोड लागतो. मी ओढणी सारखी केली आणि गाडी पकडली.

त्याच्या मामाच्या मेंढ्या त्या वेळी केजच्या अलीकडे एका शेतात बसवल्या होत्या. पीक निघालं की शेतकरी मेंढरांचा कळप रानात बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं. दिवाळीच्या सुट्टीत सोमनाथ तिकडंच होता. बांधावरून चालताना माझ्या सँडलला चिखल लागला, काटे रुतले, मला काही जाणवलं नाही. वाक्य जुळवत होते मी. 'घरचे तयार झाले' म्हणू, की आधी त्याला जरा छळू?

पालापाशी तो नव्हता. एक मुलगी होती. माझ्याहून लहान, हिरवं परकर-पोलकं, एका हाताखाली कोकरू आणि दुसऱ्या हातात मोबाईल. मोबाईलवर तांबडा ग्रह होता. जोंधळी होती.

"या ताई, बसा," तिने घोंगडी झटकली. "तुमी त्यांच्या कालेजच्या का? ते पान्याला गेलेत. येतील आता."

तिने नाव घेतलं नाही. नुसतं 'ते' म्हणाली. बायका कुणाचं नाव घेत नाहीत ते मला माहीत होतं.

"तू कोण?"

"धनश्री. सिदूची पोरगी." मग लाजून कोकराच्या कानाशी खेळत म्हणाली, "पाळन्यातच ठरलेलं हाय आमचं. आत्या म्हनली, औंदा वैशाखात उरकून टाकू." आणि माझ्याकडे मोबाईल धरून, "ह्या पोरीला तेवढं मला पानी पाजू देतेत. म्हनले, ही लई तहानंची हाय, इसरू नको. गोड हाय ना ताई?"

गोड होती. दोघीही गोड होत्या. मला कुणाचाच राग करता येईना, ही सगळ्यात मोठी पंचाईत.

तिने चहा टाकला. मी तो प्यायले. सोमनाथ कळशी घेऊन आला, मला बघितलं आणि कळशी खाली ठेवायची विसरला. आम्ही बांधावरच्या बाभळीखाली गेलो, कळशी त्याच्या हातातच. लांबून त्याची आई, रतनबाई, कोकरं मोजता मोजता आमच्याकडे बघत होती.

"घरचे तयार झालेत," मी म्हणाले. हेच वाक्य मी जुळवत आले होते, आता ते कुठल्या कुठे जाऊन पडलं.

"नंदे..."

"आधी सांगता येत नव्हतं?"

"सांगनार व्हतो. पयल्याच दिशी, स्टँडवर. ती म्हातारी बोलली ना, पयला मान त्याचाच... तवा अगदी तोंडावर आलं व्हतं. पन तू हसलीस. ते हसू बघून..." तो थांबला. "मंग रोज वाटायचं, उद्या सांगू."

"मामाशी बोल. एकदा बोलून तर बघ!"

"काय बोलू? बाप वीज पडून गेला तवा आमची मेंढरं मामानं आपल्या कळपात घेतली. दोन पोरं व्हती, मी आन त्याचा पोरगा. एकाला मेंढरामागं जावं लागनार व्हतं. मामानं सोताच्या पोराच्या हातात काठी दिली आन मला शाळंत धाडलं. आता त्या मानसाम्होरं जाऊन म्हनू, तुझी पोरगी नको? आन तिला कोन करील, नंदे? समद्या वाड्यांला ठावं हाय ती माझी म्हनून."

तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. म्हणून मला जास्त संताप आला.

"आणि मेंढरांत नर बदलता तो? स्टँडभर ओरडला होतास ना, तिच्या आत्याचा पोरगा हाय म्हणून! कोकरं लुळी निघतात हे तुला कळतं, आणि..."

"मेंढराला मामा नसतो, नंदे."

   लांब कुठेतरी मेंढी ओरडली आणि तिला तिच्या कोकराने उत्तर दिलं.

"एक ऐक," मी शेवटी म्हणाले. रडायचं नव्हतं म्हणून कॉलेजातल्या बाईंसारखा आवाज काढला. "नात्यातल्या लग्नात मुलात दोष येतोच असं नाही. पण येऊ शकतो. लग्नाआधी दोघांचं रक्त तपासून घ्या. साधी तपासणी असते, बीडला होते. डॉक्टरला सांगायचं, आम्ही मामे-आतेभावंडं. करशील?"

"करतो."

"नक्की?"

"बिरोबाची आन."

मी निघाले. त्याने हाक मारली नाही आणि मी वळून बघितलं नाही. हे खोटं आहे. मी बघितलं. तो कळशी उचलत होता आणि ती रिकामी होती, चालताना सगळं पाणी सांडून गेलं होतं.

लग्न वैशाखात झालं. आबा तिकडे गेले. फेटा बांधून घेतला, लाऊडस्पीकरवरून त्यांचा सत्कार पुकारला गेला, वधूवरांना आशीर्वाद देऊन संध्याकाळी घरी आले. "चांगला पोरगा हाय," जेवताना म्हणाले. "तुझ्या नशिबात नव्हता. असो, मतं काय जात न्हाईत. लग्नाला गेलो ना." आईने माझ्या पानात न विचारता आणखी एक पोळी टाकली. मी ती मुकाट खाल्ली.

बीजग्रह मी बंद केला होता. काढून टाकावा असं रोज वाटायचं, पण काढताना तो विचारायचा, 'तुमचा वंश कायमचा पुसला जाईल. चालेल?' आणि माझा अंगठा तिथंच अडायचा. मला बीडलाच एका लॅबमध्ये नोकरी लागली. नळ्यांमध्ये दुसऱ्यांचं रक्त बघत दिवस छान जायचा. असं मी सगळ्यांना सांगायचे.

भादव्यात, डबा खाताना, मोबाईलवर बीजग्रहाची घंटी वाजली. सोमनाथच्या नावावरून निरोप होता.  घास तसाच ठेवून उघडला.

'ताई मी धनश्री. ते पुन्याला कंपनीत लागले, जुना मोबाईल माझ्याकडं हाय. तुमची पोरगी सुकत चाललीती. मी रोज पानी घालते. तुमी कावून येत न्हाई. तिचे डोळे तुमच्यासारखे हायत हे मला त्या दिशीच कळलं व्हतं.'

कळलं होतं! चहा देताना, कोकराचा कान कुरवाळताना, त्या पोरीला सगळं कळलं होतं. मी काही लिहायच्या आत दुसरा निरोप आला.

'आता घरातबी येनार हाय एक. तिसरा महिना लागला. ह्या पोरीला बघून वाटतं आपलंबी आसंच नीट निघावं.'

मी उभीच राहिले. लिहिलं, 'लग्नाआधी रक्त तपासलं होतं का दोघांनी?'

 जोंधळी स्क्रीनवर इकडून तिकडे पळत होती, चांगल्या लांब दमाची.

'ती व्हय. ते बोललेते एकदा. बा म्हनला रक्त कावून तपासायचं, आपलंच तर हाय. मग ते गप ऱ्हायले.'

गप राहिले! स्टँडवर गप राहिले, किल्ल्यावर गप राहिले, आणि बिरोबाची आण घेऊन पुन्हा गप राहिले. मला त्या क्षणी सोमनाथ इतका कडू झाला की वाटलं, बरं झालं, सुटले. आणि पुढच्याच क्षणी कळलं की मी कुठली सुटतेय. एकाने अंगठा उचलला तरी दुसऱ्याचा तिथंच चिकटून राहतो कधी कधी.

मी लिहिलं, 'उद्या सकाळच्या गाडीने बीडला ये. त्यालाही पुण्याहून बोलव. तो आला नाही तरी तू ये. आधी तुझं रक्त बघू, त्यात काही निघालं तर त्याचं. मी स्टँडवर उभी असते.'

ती आली. एकटीच आली. त्याला सुट्टी नव्हती म्हणे, पण त्याने जायला सांगितलं होतं. 'मामाला कळू देऊ नको' असंही सांगितलं होतं. रिमझिम लागलेली होती, फलाटावर चिखल झाला होता. धारूरच्या गाडीतून हिरव्या लुगड्यातली ती जपून उतरली. हातातल्या पिशवीत माझ्यासाठी सीताफळं होती, कच्चीच, या दिवसांत कुठून पिकलेली मिळणार. पहिल्या दिवशीच्या त्या बाकड्यावर जागा होती, पण मला तिथं बसवेना. त्याच बाकड्याजवळ आम्ही उभ्या राहिलो.

तिने माझा हात धरला. 

"भ्या वाटतं, ताई. काय वंगाळ निघलं तर?"

"बहुतेक काही निघत नाही. निघालं तर डॉक्टर आहेत, मी आहे. आधी बघू तर."

ती थोडं चालली आणि मग थांबली. "दवाखान्यात इचारतील, संगट आलेली बाई कोन लागते म्हनून. काय सांगू? तुमी आमच्या कोन लागता?"

मी तिच्या पोटाकडे बघितलं. अजून काही दिसत नव्हतं. जोंधळीचा दम त्याचा होता, डोळे माझे होते, आणि या येणाऱ्यात माझं काहीच नसणार होतं.

"सांग, कुणी नाही," मी म्हणाले. "बाहेरची आहे."

तिने मान हलवली, पण माझा हात सोडला नाही. मी तिच्या डोक्यावर छत्री धरली आणि आम्ही रिक्षा बघायला निघालो.